गाठोड्यातली दोन डावी हाडे

जिना चढताना माझा डावा गुडघा कुरकुरू लागला की मला हटकून तिरुवल्लिकेणीतले ते गाठोडे आठवते. पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, साधूच्या वेषातले चोर पाहिले. पण नातवंडे गोष्टीसाठी मागे लागली की तोंडात येते ती हीच. यात रक्ताचा एक थेंब नाही. तरीही एका सरळ माणसाची नोकरी आणि अब्रू जाता जाता राहिली, आणि गळ्याला दोर लागण्याचीही शक्यता होती. त्या घरची मुलेबाळे आज याच शहरात मानाने राहतात, म्हणून नाव कुणाचेच घेणार नाही.

शहराला तेव्हा सगळे मद्रास म्हणत. ट्राम बंद होऊन काही वर्षे झाली होती. मी तिरुवल्लिकेणी भागात सब-इन्स्पेक्टर होतो. आमचे घराणे तंजावरचे. घरात आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी, असा तीन जिभांचा संसार. ही पुस्तकी मराठी पुण्याची सून घरात आल्यावर तिच्याकडून घासूनपुसून घेतली आहे. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच होतो. त्यामुळे एखादे 'राव' घराणे भानगडीत सापडले की आमचे इन्स्पेक्टरसाहेब कागद माझ्या टेबलाकडे सरकवत आणि म्हणत, "हे तुमचे लोक. तुम्हीच बघा."

पोंगल उलटून गेला होता. तमिळ तै महिन्याची अमावास्या नुकतीच झाली होती. त्या दिवशी सारे शहर समुद्रावर लोटते, वाडवडिलांना तिळपाणी देते आणि ओल्या कपड्यांनी घरी परतते. दुसऱ्याच दिवशी सकाळी समुद्रकाठच्या कोळीवाड्याचा म्होरक्या दोन माणसांना घेऊन ठाण्यात आला. किनाऱ्यावरून ओढायच्या त्यांच्या मोठ्या जाळ्यात एक गाठोडे आले होते.

"अय्या, हे तुम्हीच सोडून बघा," तो म्हणाला. "आम्ही एकदा सोडलं आणि पुन्हा बांधलं."

पांढरे धोतर होते. आत कोमेजलेली तुळस, थोडे तीळ, हळदीने पिवळी झालेली चिंधी आणि हाडे. दोन लांब हाडे तर गाठोड्यातून बाहेर डोकावत होती. आमच्या हेड कॉन्स्टेबलने हात झटकले.

"अस्थी असतील कुणाच्या. कालच अमावास्या झाली. पुन्हा समुद्रात सोडा."

म्होरक्याने मान हलवली. "अस्थी आम्ही नेहमी बघतो. त्या मूठभर असतात, जळून फुटलेल्या. ही सबंध आहेत. यांना आगीची झळसुद्धा लागलेली नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. मी ठाण्याच्या लेखनिकाला, म्हणजे रायटरला, बोलावले आणि महजर लिहायला घेतला. बाकी मुलुखात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे महजर म्हणतात. दोन्ही मांड्यांची हाडे, एका नडगीचे, हाताची काही, कमरेचे एक, बरगड्या आणि मणके. कवटी नव्हती. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहून सांगितले की हाडे माणसाचीच आहेत, प्रौढ माणसाची आहेत, बाकी पोलीस सर्जन सांगतील. पोलीस सर्जन साक्षीसाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टात गेले होते.

"कवटी लपवली म्हणजे ओळख लपवली," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले. "आणि उरलेली हाडे समुद्राने इकडेतिकडे केली. सरळ आहे."

हाडांना हळद लावून वर तुळस ठेवणारा खुनी मी तरी पाहिला नव्हता. तसे बोललोही. ते म्हणाले, "घरच्याच माणसाला मारलं असेल तर लावेलही." हे अगदीच चुकीचे नव्हते. मी धोतराकडे वळलो.

त्या काळी आमचा अर्धा तपास धोब्यावर चाले. प्रत्येक घराच्या कपड्याच्या कोपऱ्यात धोबी बिब्ब्याच्या काळ्या रसाने खूण करी, आणि ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नसे. या धोतरावर एक आडवी रेघ आणि खाली तीन ठिपके होते. कॉन्स्टेबल धोतर घेऊन घाटावर गेले आणि दुपारपर्यंत पत्ता घेऊन परत आले. घर देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीतले. मराठी राव मंडळींचे. धोबी म्हणाला होता, "तीन ठिपके म्हणजे मोठ्या रावांचं. धाकट्यांना दोन."

मी घरी जाण्याआधी गल्लीत चौकशी केली. हा माझा नियम होता. घरातली माणसे घराबद्दल जे सांगतात त्याच्या दुप्पट दूधवाला सांगतो. इथला दूधवाला तर मला पाहूनच सायकलवरून उतरला.

"मोठे राव उन्हाळ्यापासून दिसत नाहीत, सार. काशीला गेले म्हणतात. काशीला गेलेला माणूस इतके महिने राहतो का? आणि गेले त्या दिवशी मी दारातच होतो. धाकटे राव एवढ्याने ओरडत होते की, आजपासून तू मेलास! म्हशीसुद्धा बिचकल्या असत्या."

आता सगळ्या गोष्टी एकाच माणसाकडे बोट दाखवू लागल्या. थोरला भाऊ नाहीसा, त्याचे धोतर, त्यात हाडे, आणि धाकट्याच्या तोंडचे ते वाक्य.

धाकटे राव एका सरकारी कचेरीत कारकून होते. घरात बायको, दोन मुले आणि वडिलांची विधवा बहीण. तिला सगळी गल्ली अत्या म्हणे. वरची खोली एका विद्यार्थ्याला भाड्याने दिली होती. तो पोंगलला गावी गेला तो ताप आला म्हणून तिकडेच राहिला होता. मी धाकट्या रावांना दारातच गाठले आणि ठाण्यात येण्यास सांगितले. ते आत वळून म्हणाले, "अत्या, घराच्या कागदांचं काम अहे म्हणून बोलावतायत. जाऊन येतो." आवाज अगदी रोजचा होता.

ठाण्यात त्यांना बाकावर बसवले, पाणी दिले. माझ्या चौकशीत हात उगारला जात नसे. मी माणसाला त्याच्याच भाषेत बोलू देई, आणि तो दमला की उरलेले आपोआप बाहेर येई.

"थोरले कुठे आहेत?"

"काशीला गेला अण्णा."

"पत्र?"

"नाहीं."

"भांडण कशावरून झालं?"

"भाऊ भांडतातच कीं, सार."

मी टेबलावर धोतर ठेवले आणि ते कशात सापडले ते सांगितले. त्यांनी कोपऱ्यातली खूण पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. घाबरण्याऐवजी ते चक्रावलेले दिसले. मग म्हणाले, "मी लटकं बोललों. अण्णा काशीला गेला नाहीं. तो जिवंत अहे, बरा अहे. मागच्याच आठवड्यांत मी त्याला बघितलं."

"मग पत्ता द्या. एक कॉन्स्टेबल पाठवतो, तासाभरात मोकळे व्हाल."

"पत्ता देणार नाहीं."

"का?"

"तुम्ही लिहून घेणार. लिहिलेलं कोर्टांत वाचणार. कोर्टांत वाचलेलं संध्याकाळीं आमच्या तिण्णैवर पोचणार." तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. आमच्या गल्ल्यांतली सगळी बातमीपत्रे तिथेच निघतात. "अत्याला कळणार. अत्या जगायची नाहीं, सार. आमची आई गेली तेव्हां आम्ही एवढेसे होतों. तिनं वाढवलं. तिचं सोवळं तुम्हाला ठाऊक नाहीं. तुम्ही वचन द्या, अत्याला कळणार नाहीं म्हणून. मग सांगतो."

वचन मी देऊ शकत नव्हतो. जबानीत आलेली गोष्ट पोलिसाच्या हातात राहत नाही. तसे त्यांना स्पष्ट सांगितले. हेही सांगितले की अटक झाली की नोकरीवरून निलंबन होईल, वर्तमानपत्रात नाव येईल, आणि पुढचा रस्ता फार वाईट आहे. त्यांनी सगळे ऐकले. शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाले, "मग करा अटक."

खोटे बोलणारे मी पुष्कळ पाहिले होते. पण खरे सांगून सुटण्याची सोय असताना तुरुंगाकडे चालत निघालेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्याचा रागही आला आणि त्याच्याबद्दल आदरही वाटला. इन्स्पेक्टरसाहेबांना दोन्हींपैकी काही वाटले नाही. ते म्हणाले, "भाऊ जिवंत असता तर दाखवला असता. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा."

माझे नशीब असे की दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस सर्जन परतले. मी हाडे घेऊन त्यांच्याकडे धावलो. हे गृहस्थ वयस्कर, तपकिरीचे शौकीन आणि भलत्याच वेळी विनोद करणारे. त्यांनी गाठोडे टेबलावर पसरले, एकेक हाड उचलून खिडकीच्या उजेडात फिरवले आणि मला विचारले, "सब-इन्स्पेक्टर, तुम्हाला पाय किती?"

"दोन, सर."

"डावे किती?"

मला वाटले, तपकीर डोक्यात गेली. त्यांनी मांडीचे एक हाड माझ्या हातात दिले. "हे वरचं वाटोळं डोकं बघा. ते खुब्याच्या खोबणीत बसतं, म्हणून नेहमी आत, शरीराच्या मध्याकडे वळलेलं असतं. मागच्या बाजूला ही खरबरीत रेघ. पुढची बाजू गुळगुळीत आणि किंचित फुगीर. आता गुळगुळीत बाजू पुढे ठेवून स्वतःच्या मांडीला लावा."

मी उजव्या मांडीला लावले. वाटोळे डोके बाहेर, हवेत गेले. डाव्या मांडीला लावले तेव्हा ते बरोबर आत वळले.

"आता दुसरं."

दुसरे हाड एक बोटभर लांब होते. उजव्या मांडीला लावले, डोके बाहेर. पुन्हा डाव्या. बरोबर आत. गणवेशातला फौजदार दोन्ही हातांत दोन हाडे धरून स्वतःच्या एकाच पायाशी झटापट करतो आहे, हे दाराबाहेरचा शिपाई पाहत होता. त्याचे हसू मला आजही ऐकू येते.

"दोन्ही डावी," मी म्हणालो. "म्हणजे दोन माणसं! दोन खून!"

"दोन माणसं, हे बरोबर," सर्जन म्हणाले. "पण हात बघा, डावा. नडगी डावी. कमरेचं हाड डावं. खांद्याचं पातं डावं. समुद्राला डावं-उजवं कळतं का हो? त्याने निवडून सगळी उजवीकडची हाडं ठेवून घेतली आणि डावी तेवढी परत केली?" त्यांनी नडगीच्या टोकाला तार ओवायला पाडलेले बारीक, सारखे भोक दाखवले. मग एका खाचेत नख घालून थोडासा तांबडा रंग काढला. "ही उकळून, वाळवून स्वच्छ केलेली हाडं आहेत. स्नायू जिथून निघतो तिथे पोरं तांबडा रंग लावतात आणि जिथे चिकटतो तिथे निळा. माणसाची दोन्ही अंगं सारखीच असतात, म्हणून शिकायला अर्धा संच पुरतो. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला देतो, तो त्याच्या खालच्याला. कधी एखादं हाड हरवतं, कधी एखादं जास्तीचं येतं. मीसुद्धा असल्याच संचावर शिकलो. यात कुणाचा खून झालेला नाही. झालाच असेल तर कुणाच्या तरी परीक्षेचा."

मी विचारले, "हाडे हातात आली की तुम्हाला पटकन कळतं कसं?"

"नुसती बघत बसलो तर मलाही कळत नाही. आपल्या अंगाला लावून बघायचं, बस."

परतताना मला वरच्या खोलीतला विद्यार्थी आठवला. कसला विद्यार्थी, हे आम्ही कुणाला विचारलेच नव्हते. आता कॉन्स्टेबलने गल्लीत विचारले तर शेंबड्या पोरानेही सांगितले, डॉक्टरीचा. इन्स्पेक्टरसाहेबांनी सर्जनची चिठ्ठी वाचली, मॅजिस्ट्रेटची भेट थांबवली, आणि धाकट्या रावांना घेऊन घरी जाण्याची मला परवानगी दिली. हाडे तिथून समुद्रात कशी गेली, आणि थोरल्याच्या धोतरात का, हे अजून उलगडायचे होते. थोरला डोळ्यांनी दिसेपर्यंत कागद मिटणार नव्हता.

दार अत्यांनीच उघडले. बुटक्या, ताठ, डोक्यावरून पदर. माझा गणवेश त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला.

"कोण रे तूं? कोठल्या रावांचा?"

"तंजावरच्या मेलवीथी गल्लीचा, अत्या."

"मग बाहेर काय उभा? पोलीस झालास तरी आमचाच कीं. बस. काफी घेशील." भाच्याला म्हणाल्या, "तूं रात्रभर कोठें होतास? कागदांचं काम रात्रीं करतात काय?"

मी कॉफी घेतली. मग साध्या आवाजात विचारले, "अत्या, वरच्या मुलाच्या खोलीत हाडं होती. ती कुठे गेली, तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

"खाटेखालच्या पेटींतलीं? मींच नेलीं. अमावास्येला समुद्रांत सोडलीं. कां?"

धाकटे राव उभेच होते, ते खांबाला टेकले. मी कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटी, खाली ठेवला. दोन दिवस ज्याच्यासाठी अख्खे ठाणे राबले, ते एका प्रश्नावर समोर आले होते.

"पण का, अत्या?"

"कां म्हणून काय विचारतोस? किल्ली माझ्यापाशीं देऊन तो गांवीं गेला. मी झाडायला गेल्यें. पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून उघडून बघितलं. माणूस रे! कागदांत गुंडाळलेलं. कुणाचा तरी लेक असेल, कुणाचा तरी बाप असेल. त्याला आग मिळाली नाहीं, पाणी मिळालं नाहीं. आणि त्याच्यावर खाट टाकून हें पोर निजतं. मग दर महिन्याला ताप येणार नाहीं तर काय होणार?"

"डॉक्टरीच्या मुलांना अभ्यासाला लागतात ती."

"लागूं देत कीं. कॉलेजांत भरपूर असतील. पुस्तकं आणतो तशीं दुसरीं आणील. सगळा रंग फासून ठेवला होता त्यांवर, तांबडा नि निळा. चिंचेनं घासलीं, शिकेकाई लावली, हळद लावली. अमावास्येला सगळे जातात तशी मीही गेल्यें. काखेंत ओल्या कपड्यांचं गाठोडं असतं तसं घेतलं. कुणी विचारलं नाहीं."

"आणि गोत्र? नाव-गोत्र काय सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिले. "ज्याचं गोत्र ठाऊक नाहीं त्याचं काश्यप. तेवढंही शिकवलं नाहीं होय रे मेलवीथींत?"

मला हसू आवरेना. पण खरा प्रश्न राहिला होता. "अत्या, धोतर थोरल्यांचं घेतलंत. ते काशीहून आल्यावर काय नेसतील?"

"तो कशाला धोतर नेसतोय आतां?" अत्या सहज म्हणाल्या. "तिकडे आवडी गांवच्या कारखान्यांत पॅन्ट घालावी लागते."

त्या क्षणी धाकट्या रावांचा चेहरा ज्याने पाहिला नाही त्याला मी तो सांगू शकणार नाही. त्यांच्या तोंडून फक्त "अत्या" एवढेच निघाले.

"तूं आधीं खालीं बस. उभ्यानं पडशील." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "थोरल्यानं तिकडे लग्न केलं. नर्स अहे. चर्चला जाते. हा ओरडला, तो निघून गेला. मग ह्याचं मन राहिलं नाहीं. दर महिन्याला एका रविवारीं हा आवडीला जातो नि मला ऑफिसांत काम अहे म्हणून सांगतो. ऑफिसांतून येतांना कुणाच्या हातीं कारखान्याच्या बाजारातलीं केळीं असतात काय?"

"पण तुम्हाला नक्की कसं कळलं?"

"थोरलाच सांगायला आला. एकादशीला मी तळ्याशीं जात्यें, तेथें येतो. तीही येते. आधीं लांब उभी राहायची. मग एकदां माझे सुजलेले पाय बघितले तिनं, जवळ येऊन बसली. हात हलका अहे तिचा."

धाकटे राव रडत होते आणि मधूनच हसतही होते. "मग मला कां नाहीं सांगितलंस? मी तुरुंगांत जायला निघालों होतों, अत्या!"

"तुरुंगांत?" त्या पहिल्यांदा दचकल्या. मी सगळे सांगितले, दूधवाला, धोबी, मॅजिस्ट्रेट. त्यांनी भाच्याकडे पाहिले. "हा? हा भावाला मारतो? ह्याच्या घरांत झुरळ मारायला बायको लागते." पण हे म्हणताना त्यांनी त्याचा हात धरला होता आणि तो सोडला नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तूं मला जपायला एवढं लपवत होतास. मला ठाऊक अहे म्हणून सांगितलं असतं तर तुझं जपणं फुकट गेलं असतं. म्हटलं, असूंदे."

मीही त्या समाजातला, तसल्याच घरातला. माझ्या घरीही आईपासून लपवलेल्या आणि आईने लपवलेल्या गोष्टी होत्याच. तिथे बसल्या बसल्या त्या आठवल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

निघताना मी सर्जनचा विनोद सांगावा म्हणून म्हणालो, "अत्या, तुम्हाला वाटलं एक माणूस. पण मांडीची दोन्ही हाडं डावी होती. म्हणजे निदान दोघं असणार."

मला वाटले होते, हसतील. त्यांचा चेहरा उतरला.

"दोघे? मी एकाच्याच नांवानं पाणी सोडलं." त्या दारातच थांबल्या. "अय्यो, मग दुसरा उपाशींच राहिला कीं रे!"

त्या संध्याकाळी थोरले राव आवडीहून रेल्वेने आले आणि ठाण्यात माझ्यापुढे जिवंत उभे राहिले. रायटरने त्यांची जबानी घेतली. अत्यांनी सांगितल्याप्रमाणे पॅन्ट होती, आणि ती त्यांना मुळीच शोभत नव्हती. प्रकरण गैरसमजाचे म्हणून बंद झाले. कवटीचाही पत्ता लागला. ती जवळच्याच एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांच्या इमारतीत, विद्यार्थ्याच्या मित्राकडे अभ्यासाला गेली होती आणि तिथे टॉवेल वाळत घालायच्या खुंटीखाली सुखरूप होती.

तापातून उठून विद्यार्थी परतला तो थेट ठाण्यात, पांढराफटक. हाडे त्याची होती आणि ती परत मिळण्याचा त्याला हक्क होता. चोरीची तक्रार द्यायची का, असे मी नियमाप्रमाणे विचारले. तो म्हणाला, "सार, त्या मला रोज रसम-भात देतात. मी कसली तक्रार देऊ? पण उन्हाळ्यात परीक्षा आहे. हाडं नसली तर मी नापास होईन." अत्यांचा हट्ट असा की ज्यांना पाणी द्यायचे आहे त्यांना पुन्हा पेटीत कोंडू देणार नाही. तेव्हा मी तिण्णैवर बसून दोघांचा तह घडवून आणला. परीक्षेपर्यंत हाडे वर राहतील, पण खाटेखाली नाही, फळीवर, स्वच्छ कापडात. परीक्षा झाली की खालच्या वर्गाला न देता ती अत्यांच्या स्वाधीन होतील. पिढ्यान् पिढ्या चाललेला कॉलेजचा रिवाज त्या पोराने मोडायचे कबूल केले. रसम चांगले होत असणार.

पुढे मी त्या घरी अधूनमधून जात राहिलो. पान वाढताना अत्या त्याला विचारत, "आज कोठलं हाड झालं?" आणि तो घास तोंडात घेऊन सांगे. डावे कसे ओळखायचे हे त्यांना त्याच्यापेक्षा आधी पाठ झाले. त्याला पुन्हा ताप आला नाही. अत्या म्हणत, पाण्यामुळे. तो म्हणे, नवीन मच्छरदाणीमुळे. यावर त्यांचे कधी एकमत झाले नाही.

सर्जनने शिकवलेली गोष्ट मी पुढे प्रत्येक तपासात वापरली. कुणी खोटे बोलताना सापडला की ते खोटे लगेच गुन्ह्याच्या खणात टाकायचे नाही. आधी आपल्या अंगाला लावून बघायचे, की आपण असे कधी, कुणासाठी बोललो असतो? पुष्कळदा ते बरोबर बसे. बसले नाही तर मग हातकड्या होत्याच. आणि कुठल्याही घरात गेलो तरी स्वयंपाकघरातल्या माणसाला विचारल्याशिवाय परत आलो नाही.

परीक्षेनंतरच्या अमावास्येला पहाटेच मी साध्या कपड्यांत समुद्रावर गेलो. विद्यार्थी कवटीसकट सगळा संच घेऊन आला होता. या खेपेला जाळ्यात सापडू नये म्हणून कोळीवाड्याचा म्होरक्या स्वतःच्या होडीतून खोल पाण्यापर्यंत नेणार होता. दोन केळीच्या पानांवर दोन पिंड होते. एका काश्यप गोत्राच्या अनोळखी माणसाला थोरल्याने पाणी सोडले, दुसऱ्याला धाकट्याने. लाट पायाशी आली तशी अत्या डगमगल्या, आणि लांब उभ्या असलेल्या आवडीच्या सुनेने धावत येऊन त्यांना धरले. सोवळ्यात असूनही अत्यांनी तिचा हात सोडवला नाही.

होडी लाटांपलीकडे गेली. अत्यांनी हात जोडले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "जा रे बाबांनों. दोघे मिळून जा. भांडूं नका."

मागे उभ्या असलेल्या दोन्ही भावांनी एकदमच माना खाली घातल्या.